आभासी रुग्णावर शारीरिक तपासणी शिकवताना: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

व्हर्च्युअल पेशंटचं, म्हणजे पडद्यावरच्या आभासी रुग्णाला प्रश्न विचारून आणि क्लिक करून तपासायचं सॉफ्टवेअर घेतलं जातं, विद्यार्थ्यांना लॉगिन मिळतं, "आठवड्याभरात केस पूर्ण करा" असं सांगितलं जातं आणि शिकवणं तिथेच संपतं. स्कोअर नव्वदीच्या घरात येतात. मग वॉर्डात तीच विद्यार्थिनी गाऊनवरूनच स्टेथोस्कोप टेकवते आणि पंधरा सेकंद श्वास मोजून चारने गुणते. यात सॉफ्टवेअरचा दोष फारसा नसतो. आपण ते कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर वापरतो, तिथे घोळ असतो.

पुढचे टप्पे प्रौढ रुग्णाची शारीरिक तपासणी नव्याने शिकणाऱ्या नर्सिंग विद्यार्थ्यांसाठी आहेत. सॉफ्टवेअर कोणतंही असो, क्रम हाच ठेवा.

टप्पा १: उद्दिष्ट लिहा, आणि ते स्क्रीनचं आहे की हाताचं ते ठरवा

रुग्णाला काय विचारायचं, आधी काय पाहायचं, कुठे ऐकायचं, ऐकलेला आवाज कशाचा, सापडलेल्या गोष्टी एकमेकींशी कशा जोडायच्या, नोंद कशी लिहायची, हे सगळं स्क्रीनवर छान शिकवता येतं. पोटावर बोटं किती दाबायची, परकशन (बोटाने ठोकून तपासणं) करताना मनगट किती सैल सोडायचं, त्वचा गार आहे की दमट, दम लागलेल्या माणसाला आधार देऊन कसं बसवायचं, पडदा ओढून आणि विचारून मगच कपडे बाजूला कसे करायचे, हे स्क्रीनवर येणार नाही. कितीही महागडं सॉफ्टवेअर घेतलं तरी येणार नाही.

म्हणून पाठ आखताना कागदावर दोन रकाने करा, स्क्रीन आणि हात. प्रत्येक उद्दिष्ट कुठल्या रकान्यात बसतं ते पाहा. हाताच्या रकान्यात गेलेलं उद्दिष्ट आभासी रुग्णाच्या गळ्यात मारू नका.

"श्वसनसंस्थेची तपासणी समजेल" ही ओळ उद्दिष्ट म्हणून चालणार नाही. असं लिहा: "दम लागलेल्या प्रौढ रुग्णाची छाती विद्यार्थी पुढून, बाजूने आणि पाठीवर तपासेल, डावी-उजवी बाजू ताडून ऐकेल आणि आढळलेलं चार ओळींत नोंदवेल." एका केसला असं एक उद्दिष्ट पुरे, फार तर दोन. पहिल्याच केसमध्ये डोक्यापासून पायापर्यंत सगळं घेतलं की मुलं तपासायचं सोडून बटणं शोधत बसतात.

टप्पा २: केस स्वतः दोनदा चालवा, दुसऱ्यांदा मुद्दाम चुकीची

पहिल्या फेरीत सगळं बरोबर करा. दुसऱ्या फेरीत मुद्दाम चुका करा, कारण खरी माहिती तिथेच मिळते. पोटाची तपासणी करताना आधी दाबा, मग ऐका. आपण निरीक्षण, श्रवण, परकशन, पाल्पेशन (हाताने दाबून पाहणं) हा क्रम शिकवतो, कारण दाबल्याने आणि ठोकल्याने आतड्याचे आवाज बदलू शकतात. सॉफ्टवेअरने हरकत घेतली का? अनेकदा घेत नाही. गोष्ट केली की नाही एवढंच ते मोजतं, कधी केली हे मोजत नाही. असं असेल तर क्रमावर लक्ष ठेवण्याचं काम तुमचं.

मग आणखी एक करा. डोकं न लावता दिसेल तो प्रश्न, दिसेल ते बटण दाबत सुटा. तरीही स्कोअर भरघोस आला, तर त्या स्कोअरवर गुण द्यायचे नाहीत हे तिथेच नक्की झालं.

चाचणी घेताना याही गोष्टी टिपून ठेवा:

- सॉफ्टवेअर नॉर्मल धरतं त्या मर्यादा आणि तुमच्या पुस्तकातल्या मर्यादा जुळतात का? कॅपिलरी रिफिल (नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला लागणारा वेळ) काही ठिकाणी दोन सेकंद धरतात, काही ठिकाणी तीन. तापमान सेल्सिअसमध्ये असेल आणि मुलं फॅरनहाइटमध्ये शिकली असतील, तर ३८.५ म्हणजे १०१.३ हे आधीच सांगून ठेवा.
- रुग्णाच्या त्वचेचा रंग कोणता? उजळ कातडीवरचा निळेपणा चित्रात सहज दिसतो. सावळ्या रुग्णात तो ओठ, जीभ, हिरड्या आणि पापणीच्या आतल्या भागात शोधावा लागतो. सॉफ्टवेअरमध्ये हे नसेल तर चर्चेत तुम्हीच आणा.
- टाइप केलेला साधा प्रश्न रुग्णाला कळतो का? "दम कधीपासून लागतोय?" याला उत्तर मिळतं, पण "झोपताना किती उशा लागतात?" याला "मला समजलं नाही" येतं, असे नमुने लिहून ठेवा. नंतर उपयोगी पडतात.
- केसच्या नावातच निदान आहे का? "न्यूमोनिया, केस ३" असं दिसत असेल तर नाव बदला. बदलता येत नसेल तर केस तुम्हीच उघडून द्या.

टप्पा ३: हेडफोन

थोडक्यात सांगते. हृदयाचे मंद, खालच्या पट्टीतले आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवर जवळजवळ ऐकूच येत नाहीत. तिसरा ठोका (नेहमीच्या दोन ठोक्यांनंतरचा जास्तीचा आवाज) शिकवायचा आणि तो स्पीकरवर वाजवायचा, याला काही अर्थ नाही. कान पूर्ण झाकणारे हेडफोन द्या. जोडीत काम असेल तर आवाज दोघांना मिळेल अशी जोडणी करा.

तपासा: वर्ग सुरू होण्याआधी एक नॉर्मल आणि एक तिसऱ्या ठोक्याचा नमुना प्रत्येक संगणकावर वाजवून पाहा. फरक तुम्हालाच कळत नसेल तर मुलांना कळणार नाही.

टप्पा ४: आधी हात, मग स्क्रीन

ही पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते, आणि पुढचं सगळं तिच्यावरच उभं असतं. स्क्रीनवर छातीवर गोल ठिपके दिसतात आणि ठिपक्यावर क्लिक केलं की आवाज येतो. खऱ्या छातीवर ठिपके नसतात. ती जागा ज्याने एकदाही बोटांनी शोधलेली नाही, त्याच्यासाठी ठिपका म्हणजे नुसतं बटण.

केसच्या आदल्या दिवशी स्किल लॅबमध्ये मुलांना एकमेकांवर जागा शोधायला लावा, अर्थातच संमतीने आणि आडोसा करून. गळ्याच्या खालच्या खाचेतून बोट छातीच्या हाडावरून खाली सरकवलं की थोड्या अंतरावर एक आडवा उंचवटा लागतो, तो स्टर्नल अँगल. तिथून बाजूला गेलं की दुसरी बरगडी, आणि तिच्या खाली दुसरी इंटरकोस्टल स्पेस (दोन बरगड्यांमधली जागा). तिथून एकेक जागा मोजत पाचव्यापर्यंत उतरायचं आणि डाव्या मिडक्लॅव्हिक्युलर लाइनवर (गळ्याच्या हाडाच्या मध्यातून सरळ खाली धरलेली रेघ) थांबायचं. इथे हृदयाच्या टोकाचा ठोका लागतो. सगळ्यांना लागेलच असं नाही. न लागल्यास डाव्या कुशीवर वळवून पाहायचं. हे वाचायला अर्धं मिनिट लागतं, बोटांना सवय व्हायला पाऊण तास जातो. तो पाऊण तास द्या.

याच दिवशी बीपीचा कफही हातात द्या. कफच्या आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के आणि लांबी साधारण ८० टक्के हवी. कफ लहान पडला तर बीपी खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. स्क्रीनवर बहुतेक वेळा कफ निवडावाच लागत नाही, आकडा आपोआप येतो.

तपासा: प्रत्येकाने कोऱ्या कागदावर छातीची पुढची आणि मागची बाजू काढून ऐकण्याच्या जागा क्रमाने आकडे घालून दाखवाव्यात. ज्याला जमत नाही त्याला लॉगिन नाही. कडक वाटेल, पण वेळ वाचतो.

टप्पा ५: प्रीब्रीफिंग (केसआधीच्या सूचना), पंधरा ते वीस मिनिटं

यात चार गोष्टी सांगायच्या. ही फेरी शिकण्यासाठी आहे, तिला गुण नाहीत. रुग्ण खोटा आहे हे आपल्याला माहीत आहे, तरी वागायचं तो खरा आहे असं समजून. तुम्ही कोण आहात, ड्यूटी कोणती, ओव्हर घेताना (आधीच्या ड्यूटीकडून रुग्णाची माहिती घेताना) काय कळलं होतं. आणि सॉफ्टवेअर काय करू शकत नाही. टप्पा २ मध्ये टिपलेली यादी इथे वाचून दाखवा.

त्यानंतर दहा मिनिटं सरावाच्या रुग्णावर बटणं फिरवून पाहू द्या. रुग्णाला उठवून कसं बसवायचं, पाठ कुठून दिसते, स्टेथोस्कोप बेलवर (खालच्या पट्टीतले आवाज ऐकायच्या वाटीसारख्या बाजूवर) कसा न्यायचा, हे तिथेच उमगलं पाहिजे. हे केलं नाही तर पहिल्या फेरीतल्या निम्म्या चुका संगणकाच्या असतात आणि आपण त्या नर्सिंगच्या समजतो.

सावधान: "आज आपण हार्ट फेल्युअर बघणार आहोत" असं चुकूनही बोलू नका. निदान आधी कळलं की मुलं तपासत नाहीत, पुरावे गोळा करतात.

टप्पा ६: पहिली फेरी

जोड्या करा. एकाच्या हातात माउस, दुसऱ्याच्या हातात कागद. माउस धरणाऱ्याने प्रत्येक क्लिकच्या आधी दोन गोष्टी मोठ्याने बोलायच्या: मी काय शोधतोय, आणि मला काय सापडेल असं वाटतंय. दुसरा ते लिहून घेतो. या एका नियमाने दिसेल ते दाबत सुटण्याची सवय तुटते. क्रियांवर मर्यादाही घाला. विचारायचे प्रश्न आणि तपासण्या मिळून पंचवीस म्हणा. पंचविसात भागवायचं म्हटलं की आधी काय आणि नंतर काय याचा विचार आपोआप होतो.

समजा केस अशी आहे. अठ्ठावन्न वर्षांच्या बाई, दोन दिवसांपासून दम, रात्री आडवं होता येत नाही. श्वसनगती मिनिटाला २६, ऑक्सिजन सॅच्युरेशन ९१, नाडी अनियमित, बीपी १५०/९०. ताप नाही.

बहुतेक जोड्या छातीवर पुढून चार ठिकाणी ऐकतात, आवाज स्वच्छ आहे म्हणतात आणि पुढे जातात. फुफ्फुसाच्या खालच्या लोब्जचा मोठा भाग पाठीमागे असतो, आणि पाणी साचल्याचे बारीक क्रॅकल्स (तडतडल्यासारखे आवाज) आधी तळाशीच सापडतात. बाईंना बसवून पाठीवर ऐकल्याशिवाय ही केस उलगडतच नाही. आवाज सापडल्यावरही थांबायचं नाही. एका बाजूला आहे की दोन्ही? खोकायला सांगितल्यावर जातो का? दोन्ही तळांशी आणि खोकल्यावरही न जाणारे क्रॅकल्स, सोबत ताप नाही, म्हणजे संशय हृदयावर, तर आता गळ्याच्या शिरेकडे नजर गेली पाहिजे. खाटेचं डोकं ४५ अंशांवर, मान किंचित डावीकडे वळवलेली, आणि उजवी बाजू पाहायची. मग घोटे. एका शोधातून पुढचा शोध निघतो, हेच तर या फेरीत शिकवायचंय.

नाडीचंही तसंच. अनियमित लागली की मनगटावरचा आकडा घेऊन गप्प बसायचं नाही. एपेक्सवर (हृदयाच्या टोकावर) स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायचं, त्याच मिनिटात दुसऱ्याने मनगटावर मोजायचं. एपेक्सला ११८ आणि मनगटाला १०४ आले तर १४ ची तूट. ती नोंदवायची आणि कळवायची.

सावधान: स्क्रीनवर वेळ आक्रसतो. श्वसनगतीचा आकडा एका क्लिकमध्ये येतो. बीपीआधी रुग्णाला पाच मिनिटं शांत बसू द्यायचं असतं, तेही एका क्लिकमध्ये. आतड्याचा आवाज "नाही" असं लिहिण्याआधी पाच मिनिटं ऐकायला आपण शिकवतो, आणि सॉफ्टवेअर पाच सेकंदांत सांगून टाकतं. शक्य असेल तिथे आकडा झाकायची सोय करा आणि रुग्णाची छाती हलताना पाहून घड्याळावर पूर्ण साठ सेकंद मोजायला लावा. मुलं कंटाळतील. वॉर्डातही कंटाळा येतोच, त्याची सवय इथेच लागलेली बरी.

फेरी चालू असताना तुम्ही बोलू नका. कुणी अडकलं तर "आत्ता तुमच्याजवळ काय काय माहिती आहे?" एवढंच विचारा. बटण सापडत नसेल तर मात्र लगेच दाखवा, त्यात शिकण्यासारखं काही नाही.

टप्पा ७: स्कोअर उघडण्याआधी नोंद आणि निरोप

केस संपली की पडद्यावर हिरव्या-लाल खुणांचा अहवाल येतो. तो पाहिला की मुलांच्या डोक्यातलं स्वतःचं चित्र पुसलं जातं. म्हणून आधी पडदा बंद करायचा, कागदावर नोंद लिहायची आणि जोडीदाराला डॉक्टर समजून फोनवर निरोप द्यायचा: मी कोण, रुग्ण कोण, आत्ता काय झालंय, पार्श्वभूमी काय, मला काय आढळलं, मला तुमच्याकडून काय हवंय.

नोंदीत शोध लिहायचा, मत लिहायचं नाही. "लंग्स क्लिअर नाहीत" ही नोंद कुणाच्याच कामाची नाही. "दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी, पाठीमागून, श्वास आत घेताना बारीक क्रॅकल्स, खोकल्यानंतर कायम" ही कामाची, कारण चार तासांनी दुसरी सिस्टर त्याच जागी ऐकून फरक सांगू शकते. "पायाला सूज" याऐवजी दोन्ही पाय की एक, कुठपर्यंत, दाबल्यावर खड्डा पडतो का. अर्थात खड्ड्याची खोली स्क्रीनवर फक्त वाचायला मिळते, ती हाताच्या रकान्यातली गोष्ट.

तपासा: नोंदीतल्या प्रत्येक ओळीपुढे "हे मी पाहिलं, ऐकलं की गृहीत धरलं?" असं विचारा. "पोट मऊ" असं लिहिणाऱ्या किती जणांनी पोटाचं बटण दाबलं होतं ते लॉगमध्ये (सॉफ्टवेअरने ठेवलेल्या क्रियांच्या यादीत) पाहा. आश्चर्य वाटेल.

टप्पा ८: डिब्रीफिंग (केसनंतरची चर्चा)

केसला जेवढा वेळ दिला, किमान तेवढा वेळ चर्चेला ठेवा. वेळ कमी पडत असेल तर केस छोटी करा, चर्चा कापू नका. क्रम साधा: आधी मुलांना मोकळं होऊ द्या, मग काय घडलं आणि का घडलं ते उलगडा, शेवटी पुढच्या वेळी काय वेगळं करणार ते त्यांच्या तोंडून घ्या.

"तुम्ही पाठीवर ऐकलंच नाही!" असं म्हटलं की माना खाली जातात आणि चर्चा तिथेच संपते. असं विचारून पाहा: "तुम्ही पुढून ऐकून पुढे गेलात असं दिसलं. तळाचे आवाज पाठीवरच सापडतात, म्हणून मला काळजी वाटली. त्या वेळी तुमच्या मनात काय चाललं होतं?" उत्तरं साधारण तीन प्रकारची येतात.

"मॅडम, बाईंना बसवायचं बटणच दिसलं नाही." ही संगणकाची चूक. दाखवा आणि सोडून द्या.

"पाठीवर ऐकायचं असतं हे माहीत नव्हतं." ही ज्ञानाची चूक. पाच मिनिटं शिकवा, नाहीतर टप्पा ४ कडे परत पाठवा.

"माहीत होतं, पण पुढून स्वच्छ आलं, मग वाटलं बाकी पण ठीकच असेल." ही निर्णयाची चूक, आणि डिब्रीफिंग खरं तर हिच्यासाठीच असतं. चांगल्या मुलांकडून हीच होते. इथे थांबा. एक नॉर्मल शोध मिळाल्यावर तपासणी का थांबली, दम आणि आडवं न होता येणं या तक्रारी मग कशाने होत असतील, असं विचारत राहा. जोडीदाराने लिहून घेतलेले "मला काय सापडेल असं वाटतंय" ते कागद आता बाहेर काढा. अंदाज आणि शोध जिथे जुळले नाहीत, तिथे बोलण्यासारखं सर्वांत जास्त सापडतं.

तिन्ही चुकांना एकच औषध देणं, म्हणजे "केस पुन्हा करा" म्हणून मोकळं होणं, ही शिक्षकांची नेहमीची चूक. तीच केस पुन्हा केल्यावर स्कोअर वाढतो, कारण उत्तरं पाठ झालेली असतात.

टप्पा ९: दुसरी फेरी, तक्रार तीच, रुग्ण वेगळा

काही दिवस जाऊ द्या. मग पुन्हा दमाचीच तक्रार, पण या वेळी क्रॅकल्स एकाच बाजूला, सोबत ताप आणि त्या भागावर परकशनचा आवाज मंद. किंवा दोन्ही बाजूंना श्वास सोडताना व्हीझ (शिटीसारखा आवाज). क्रियांची मर्यादा पंचविसावरून वीसवर आणा. या वेळी एकेकट्याने करू द्या, म्हणजे जोडीदाराच्या आधारावर कोण तरलं होतं तेही कळतं.

लॉगमध्ये स्कोअर पाहण्यापेक्षा क्रम पाहा. पहिल्या पाच क्रियांत काय केलं? दम लागलेल्या रुग्णाची बालपणीच्या आजारांपासून चौकशी सुरू करणाऱ्याला ऑक्सिजन सॅच्युरेशन आधी बघायचं हे अजून उमगलेलं नाही, शेवटचा आकडा काहीही असो.

टप्पा १०: परत हातावर, आणि मगच गुण

दुसऱ्या फेरीनंतर शक्यतो त्याच आठवड्यात स्किल लॅब लावा. तीच तपासणी मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) किंवा सहाध्याय्यावर, शिक्षक समोर उभे, हातात चेकलिस्ट. स्क्रीनने लावलेल्या वाईट सवयी इथे उघड्या पडतात: हात न धुता सुरुवात, नाव न विचारता तपासणी, कपड्यावरून स्टेथोस्कोप, एका जागी पूर्ण श्वास न ऐकता पुढे उडी, तोंडाने खोल श्वास घ्यायला न सांगणं, आणि रुग्णाला सलग खोल श्वास घ्यायला लावून चक्कर आणणं. सॉफ्टवेअरमध्ये हात धुणं हे एक बटण असतं आणि परवानगी विचारणं हे एक वाक्य, म्हणून चेकलिस्टमध्ये या दोन्ही ओळी सर्वांत वर ठेवा.

गुण द्यायचे ते या प्रत्यक्ष तपासणीला आणि टप्पा ७ मधल्या लेखी नोंदीला. सॉफ्टवेअरच्या अहवालातून फार तर "केस पूर्ण केली" एवढीच हजेरी घ्या. अंतिम परीक्षा स्थानकवार प्रत्यक्ष तपासणीची असेल तर एक स्थानक ध्वनिफितीचं ठेवा: हेडफोनवर आवाज, समोर कोरा कागद, जागा आणि वर्णन लिहायचं, निदान विचारायचंच नाही.

संगणक कमी आणि मुलं जास्त असतील तर पाच-सहा जणांचे गट करून एका मोठ्या पडद्यावर केस चालवता येते. मात्र माउस दर पाच क्रियांनी पुढच्याकडे गेला पाहिजे आणि पुढची क्रिया काय हे ज्याच्या हाती माउस त्यानेच ठरवायचं. नाहीतर गटातली एक हुशार मुलगी केस सोडवते आणि बाकीचे बघत राहतात.